शरीरातला आनंद आणि बाटलीतली विजया

मोशी ओलांडून पुणे–नाशिक रस्त्यानं चाकणकडे निघालं की कुरुळी लागते. कंपन्यांच्या बसगाड्या आणि तीन पाळ्यांवर चालणारा हा पट्टा. इथे कुणी थकल्याची तक्रार केली की बोट रात्रपाळीकडे दाखवलं जातं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा आजार निराळा. त्यात सुट्टी घेऊनही थकवा उतरत नाही, झोपून उठलं तरी अंग ताजं होत नाही, आणि जरा कष्ट झाले की त्याचा फटका कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसून माणूस अंथरुणाला खिळतो. सहा-सहा महिने हे चाललं की जो मिळेल तो उपाय धरावासा वाटतो. त्यांतलाच एक म्हणजे आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जाणारं, भांगेच्या पानांचं विजया तेल. त्याच्या बाजूनं सांगतात ते असं : शरीर स्वतःच गांजासारखी द्रव्यं बनवतं, ती कमी पडली की थकवा येतो, म्हणून ती बाहेरून भरून काढावीत.

यातला पहिला भाग पक्का आहे. जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली असं एक द्रव्य मेंदूत सापडलं आणि आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं गेलं. झोप, वेदना, भूक, ताण, प्रतिकारशक्ती या सगळ्यांत शरीरातल्या या द्रव्यांच्या यंत्रणेचा हात आहे. दुसरा भाग मात्र अजून तर्कच आहे. संशोधक ईथन रूसो यांनी या द्रव्यांच्या कमतरतेची कल्पना मांडली ती अर्धशिशी, फायब्रोमायल्जिया आणि आतड्यांच्या तक्रारींसाठी. थकव्याच्या या आजारात तशी कमतरता सिद्ध झालेली नाही. आणि झाली, तरी तेल हे तिचं उत्तर ठरत नाही. आनंदामाइड गरज असेल तिथे, गरजेपुरतं तयार होतं आणि लगेच मोडलं जातं. गिळलेलं टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, सगळ्या अंगभर पसरतं आणि तासन्‌तास राहतं. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर यानं भांगेला ‘व्यवायि’ म्हटलं, म्हणजे पचण्याआधीच सर्वांगात भिनणारी. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी हा दाखलाही वाचावा. ही यंत्रणा ढोबळ हातानं हाताळली की काय होतं, हेही दिसलं आहे. तिला अडवणारं रिमोनाबांट हे वजन घटवण्याचं औषध २००६ मध्ये युरोपात आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार वाढतात म्हणून २००८ मध्ये मागे घ्यावं लागलं.

‘पण झोप लागते, दुखणं कमी होतं, ते काय खोटं?’ खोटं नाही, आणि झोपेसाठी तळमळणाऱ्याला ते लहानही नाही. पण टीएचसीनं नाडी वाढते आणि उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो. या रुग्णांतल्या अनेकांना मुळातच उभं राहणं सोसत नाही. शिवाय दुखणं दबलं म्हणून माणूस जास्त राबला, तर फटका टळत नाही, पुढे सरकतो. भांगेतल्याच सीबीडी या दुसऱ्या द्रव्याचं म्हणाल, तर अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली ती मिरगीच्या दुर्मीळ प्रकारांसाठी, आणि त्यातही गुंगी व यकृतावरचा ताण नोंदलेला आहे. प्रेस मशीनवर हात घालणाऱ्याला गुंगी परवडत नाही.

पण म्हणून ‘गांजा’ म्हणत संशोधनालाच दार बंद करणंही मला मान्य नाही. मोजलेली मात्रा आणि तुलनेला खोटी गोळी ठेवून याच आजारावर चाचण्या व्हायला हव्यात. तोवर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि क्षय तपासावा. ‘रोज थोडं जास्त चाल’ हा सल्लाही सोडावा. टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याचा उपचार ब्रिटनच्या नाइस संस्थेनं या आजारासाठी २०२१ मध्ये काढून टाकला. कुरुळीतल्या साध्या दवाखान्यातही होईल अशी एक तपासणी आहे. रुग्णाला आडवं झोपवून नाडी आणि रक्तदाब मोजायचा, मग भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभं करायचं आणि दर मिनिटाला पुन्हा मोजायचं. प्रौढाची नाडी तीस किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर उभं राहणं त्याला का झेपत नाही हे आकड्यांत दिसतं, आणि बसून करायचं काम मागताना सुपरवायझरपुढे ठेवायला हातात कागद असतो.