वाचकांचे पान कोणाचे?

वाचकहो, वर्तमानपत्र हाती आले की आपण प्रथम कोणते पान उघडता? कोणी देशोदेशीच्या वार्ता पाहतो, कोणी बाजारभाव, कोणी खेळांचे निकाल. संपादकांस आलेली पत्रे ज्या पानावर छापतात, तिकडे दृष्टी वळते ती बहुधा सर्वांत शेवटी. आणि तरीही एखाद्या गावाचे मन जाणून घ्यावयाचे असेल, तर अग्रलेखापेक्षा हेच पान अधिक उपयोगी पडते. अग्रलेख एका लेखणीतून उतरतो. पत्रांच्या पंगतीत शिक्षक, व्यापारी, गृहिणी आणि निवृत्त कारकून शेजारी शेजारी बसतात. प्रश्न एवढाच की, या पंगतीत पान कोणाकोणाला वाढलेले असते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण थोडा वेळ काशीस जाऊ. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, अहिल्याबाईंच्या घाटाला लागून मुन्शी घाट आहे. नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला. पुढे विसाव्या शतकात त्याचा एक भाग दरभंग्याच्या महाराजांकडे गेला व तो दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. नदीतून पाहणाऱ्या यात्रेकरूला दगडी महालाच्या उंच भिंती दिसतात. परंतु घाट चालतो तो पायऱ्यांशी नावा बांधणाऱ्या मल्लाहांच्या, फुले विकणाऱ्या बायकांच्या आणि पहाटे पायऱ्या झाडणाऱ्यांच्या श्रमावर. बांधणाऱ्याचे नाव घाटाला मिळाले. घाट चालविणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक असतात?

या घाटाविषयी वर्तमानपत्रास पत्र लिहावयाचे झाले, तर ते कोण लिहील? यात्रेकरू नावांच्या इंजिनांच्या धुराबद्दल लिहील आणि त्याचे म्हणणे खरेच असेल. अलीकडच्या वर्षांत काशीतील नावांची डिझेलची इंजिने काढून सीएनजीची बसविण्याचे काम झाले, त्यामागे हीच तक्रार होती. परंतु नव्या इंजिनाची देखभाल कशी जमते, गंगा चढली म्हणजे नावा चालविण्यास मनाई होते तेव्हा घर कशावर चालते, पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर राहिलेला गाळ किती दिवसांनी निघतो, हे ज्याला रोज भोगावे लागते, त्याचे पत्र त्या पानावर क्वचितच येते. त्याला मत नसते असे नाही. बनारसमध्ये चहाच्या ज्या दुकानावर मंडळी रोज जमतात, त्या बैठकीला ‘अडी’ म्हणतात. तेथे एकजण वर्तमानपत्र वाचतो आणि दहाजण त्यावर वाद घालतात. मत तोंडी आहे. कागदावर येत नाही, इतकेच.

काशीच्या वर्तमानपत्रांशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे, ही गोष्ट आपणांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. १८४५ साली राजा शिवप्रसाद यांच्या प्रेरणेने ‘बनारस अखबार’ निघाले. त्याचे संपादक होते गोविंद रघुनाथ थत्ते. त्याची लिपी देवनागरी होती, पण भाषा अशी उर्दूप्रचुर की सामान्य वाचकाला ती परकी वाटे. लोकांची लिपी घेतली म्हणजे लोकांची वाणी आलीच असे होत नाही, हा धडा या शहराला तेव्हाच मिळाला. पुढे ५ सप्टेंबर १९२० रोजी शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले आणि काशीतच मराठी कुटुंबात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर यांनी ते नावारूपास आणले. १९३० च्या सत्याग्रहात ‘आज’ बंद ठेवावे लागले, तेव्हा पराडकर ‘रणभेरी’ नावाचे गुप्त पत्रक काढीत. ज्यांची मातृभाषा मराठी त्या गृहस्थांनी आपले आयुष्य हिंदी वाचकाची भाषा घडविण्यात वेचले. भाषांतराचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना तर ते गुरुस्थानी आहेत. कारण दुसऱ्याची भाषा प्रथम कान देऊन ऐकावी लागते, हे त्यांच्या कामातून दिसते.

आता महाराष्ट्राकडे वळू. १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात एका सरकारी नोकराची पत्रे येऊ लागली. त्यांचे वय होते अवघे पंचवीस. नाव गोपाळ हरि देशमुख; परंतु पत्रांखाली सही असे ‘लोकहितवादी’. आपल्या समाजाचे दोष त्यांनी ज्या धिटाईने सांगितले, त्यामुळे ती ‘शतपत्रे’ आजही वाचली जातात. मराठी वैचारिक गद्याचा हा एक पाया संपादकाकडे आलेल्या पत्रांनी घातला, हे विसरून चालणार नाही.

तथापि लोकहितवादी शिकलेले होते, अधिकारी होते. यानंतर सात वर्षांनी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, पुण्याला जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार तिने कोणाकडून उसना घेतला नव्हता. त्या दुःखाबद्दल कळवळून लिहिणारे दुसरे कोणी असतीलही. पण जे तिला ठाऊक होते, ते त्यांना कोठून ठाऊक असणार? आणि ज्यांना दुसऱ्यांच्या पानावर पुरेशी जागा नव्हती, त्यांच्यासाठी ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ सुरू केले. ‘आज’ निघाले तेच हे वर्ष. पत्राच्या नावातच सारा आशय आला.

यावरून आपणांसारख्या साक्षर कुटुंबांनी काय घ्यावे? ‘मुन्शी’ या शब्दाचा मूळ अर्थ लिहिणारा, लेखनिक. एकेकाळी पोस्टाच्या ओट्यावर बसून असा लेखनिक दुसऱ्याची पत्रे लिहून देई. चांगला लेखनिक स्वतःची विद्वत्ता मध्ये घुसडीत नसे. सांगणारा जे सांगेल तेच लिही, मग वाचून दाखवी आणि मगच त्याचा अंगठा घेई. आपल्या वस्तीत हे काम आपणांस करता येईल. घरी भांडी घासणाऱ्या बाई, भाजीवाला, रस्ता झाडणारा यांना वर्तमानपत्रास काही कळवावयाचे असेल, तर आपली लेखणी त्यांना द्यावी. आपले मत देऊ नये.

यात एक मोह मात्र टाळावा लागतो. लेखणी हाती आली की आपण आपोआप कचेरीच्या भाषेत शिरतो. समजा, एखाद्या नावाड्याने सांगितले, “पाणी उतरून बारा दिवस झाले. खालच्या सात पायऱ्यांवर गाळ तसाच आहे. काल एक म्हातारी घसरली.” आणि आपण लिहिले, “घाटावरील अस्वच्छतेकडे संबंधितांनी त्वरित लक्ष पुरवावे.” वाक्य शुद्ध झाले, पण पत्र मेले. बारा दिवस गेले, सात पायऱ्या गेल्या, म्हातारीही गेली. ‘संबंधित’ कोण, हे कोणालाच कळत नाही, म्हणून उत्तरही कोणी देत नाही. आकडा, ठिकाण आणि दिवस असला की अधिकाऱ्याला टाळता येत नाही आणि संपादकाला पडताळून पाहता येते.

दुसरी गोष्ट नावाची. पत्राखाली खरे नाव व पत्ता असावा. नोकरीच्या वा जिवाच्या भीतीने नाव छापू नये असे वाटल्यास तसे स्पष्ट लिहावे. संपादकास मात्र ते कळवावे, कारण छापलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर असते. आलेले प्रत्येक पत्र छापण्याचे बंधन त्याच्यावर नसते. जागेअभावी तो पत्र लहानही करतो. परंतु वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजूंना स्थान द्यावे आणि काटछाट करताना लिहिणाऱ्याचा अर्थ बदलू नये, ही त्याच्याकडून रास्त अपेक्षा आहे. हल्ली हातातल्या फोनवरून कोणीही क्षणात काहीही पसरवू शकतो. पत्राच्या पानाचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही. तेथे म्हणणाऱ्याचे नाव असते, तपासणारा कोणी असतो आणि पुढच्या अंकात उत्तर देण्याची सोय असते.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी एक करून पाहा. आपल्या गावच्या वर्तमानपत्रातील पत्रांचे पान मुलांना घेऊन वाचा आणि कोणाचे पत्र तेथे आले नाही, हे त्यांना शोधू द्या. मुलांच्या नजरेला ते चटकन दिसेल. त्यानंतर त्या माणसाकडे जाऊन, “तुम्हांला काय सांगायचे आहे?” एवढेच विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. खाली सही त्याची असू द्या.