प्रश्नावलीने मुलाची पात्रता ठरवू नका

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच विचार सुरू होतो : मुलाने पुढे काय शिकावे? अलीकडे या विचारात एका नव्या सल्ल्याची भर पडली आहे. मुलाकडून दहा-वीस प्रश्नांचा कागद भरून घेतात आणि सांगतात की, हा 'पाहून शिकणारा', ही 'ऐकून शिकणारी', तर तो तिसरा 'हाताने करून शिकणारा'. मग त्या तिसऱ्यास पदवीच्या वाटेस जाऊच नको, असेही सुचविले जाते. वाचकहो, हा सल्ला मान्य करण्यापूर्वी क्षणभर थांबा.

जो विधान करतो त्यानेच ते सिद्ध करावे, हा न्यायालयातील साधा दंडक आहे. तो येथे लावून पाहा. एकच धडा निरनिराळ्या रीतींनी शिकविला असता प्रत्येक मूल आपापल्या 'प्रकारा'च्या रीतीनेच अधिक शिकते, असे दिसले तरच हे विधान सिद्ध होईल. २००८ साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर व बियॉर्क या अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासले. पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही; उलट, योग्य रीतीने केलेल्या थोड्या प्रयोगांपैकी अनेकांचे निष्कर्ष या विधानाच्या विरुद्ध होते. प्रत्येकाची आवड वेगळी असते हे खरे. परंतु आवड म्हणजे पात्रता नव्हे.

मग आपण कसे शिकतो याचा विचारच करू नये काय? अवश्य करावा, मात्र तो स्वतःची परीक्षा घेऊन करावा. २००६ साली रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांच्या ध्यानात ८१ टक्के मजकूर होता, लिहिणाऱ्यांच्या ७५ टक्के. परंतु आठवड्यानंतर चित्र पालटले : वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरला, लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने 'मला येते' असा भास होतो, आणि तो परीक्षेच्या दालनात फसवतो. विधिमहाविद्यालयात कलमे वाचताना आम्हीही या भासास बळी पडलो होतो. पुस्तक मिटून कलम स्वतःच्या शब्दांत लिहू लागलो तेव्हाच ते आमचे झाले. यास ना पैसा लागतो, ना शिकवणी. पालकहो, तुम्ही स्वतः शिकलेले नसलात तरी रात्री मुलास एवढेच विचारा : "आज काय शिकलास, ते मला सांग."

दुसरी गोष्ट अशी की, अडचण पुष्कळदा मुलाच्या स्वभावात नसून परिस्थितीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीस इंग्रजी व्याख्यान उमगत नाही, म्हणून ती 'ऐकून न शिकणारी' ठरत नाही; तिला परिभाषेची वही आणि काही महिन्यांचा अवधी हवा. दिवसा मजुरी करणाऱ्यास सकाळची महाविद्यालये किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा मार्ग आहे. आणि बुद्धी असूनही ज्यास अक्षरे वाचणे वा लिहिणे सतत जड जाते, त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अक्षमता किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांचा आणि वयोमर्यादेत पाच वर्षांच्या सवलतीचा हक्क कलम ३२ देते. 'शिकण्याचा प्रकार' हा केवळ सल्ला आहे. हा मात्र हक्क आहे. दोहोंची गल्लत करू नका.

कारागिरीचे शिक्षण हलके आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यास त्याची ओढ आहे त्याने ते अभिमानाने घ्यावे. परंतु ती निवड मुलाची असावी, कागदावरील शिक्क्याची नव्हे. 'याचे हात चालतात, डोके नाही' हा निवाडा आपल्या पूर्वजांविरुद्ध जन्मावरून दिला गेला होता. तोच आता प्रश्नावलीच्या नावाने घरात येत असेल, तर त्यास उंबरठ्यावरच पुरावा मागा. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाला त्या विषयाचे एखादे पुस्तक द्या, महिनाभर अभ्यास करू द्या, आणि मग त्यालाच विचारा. त्याच्या पात्रतेचा पुरावा त्याच्या श्रमातून मिळेल.