कपातलं भूत आणि दंडारीतला गुसाडी

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी, आदिलाबादला होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच तारखेला आले, ३१ ऑक्टोबरला. बाहेर फटाके आणि आत गॅसवर माझं दूध. आम्ही मैत्रिणींनी ठरवलं होतं की आपापल्या घरी हॅलोवीनचं हॉट चॉकलेट करायचं, वर काहीतरी भयानक बसवायचं आणि ग्रुपवर फोटो टाकायचे.

या एका कपावरून मला दोन बाजूंनी ऐकावं लागलं. ओळखीतल्या एका काकांनी फॉरवर्ड पाठवला, 'हॅलोवीन हा सैतानाचा सण आहे, आपल्या मुलांना वाचवा.' आणि एका मैत्रिणीने लिहिलं, 'अगं तू आदिलाबादची ना? मग भूत कशाला, गुसाडी कर! एकदम लोकल थीम.' काकांना उत्तर देणं सोपं होतं. मैत्रिणीच्या वाक्याने मात्र डोकं खाल्लं.

काकांचं आधी संपवते. हॅलोवीन म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह', सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबरला सर्व संत, २ नोव्हेंबरला आपले सगळे मृत. हा दुसरा दिवस क्लूनीच्या मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो पसरला. आयर्लंडमधल्या जुन्या साविन सणाचे धागे हॅलोवीनमध्ये आहेत, ते मी नाकारत नाही. पण इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब लोक आणि मुलं दारोदार जायची, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळायचे. यात सैतान कुठे आला? माझी तक्रार उलट आहे. आपण भुतं घेतली आणि मृतांना विसरलो. ३१ च्या रात्रीचे फोटो सगळ्यांचे असतात, २ तारखेला मेणबत्ती घेऊन दफनभूमीत जाणारे त्यातले किती?

चॉकलेटचं आणि मृतांचं नातं तर मेक्सिकोत शिकावं. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला घरात मृतांसाठी वेदी मांडतात. फोटो, झेंडूची फुलं (हो, आपलाच झेंडू, आणि तो मूळचा तिकडचाच), गोड पाव आणि त्यांच्या आवडीचं खाणंपिणं. त्यात चांपुरादो नावाचं दाट पेय असतं. मक्याचं पीठ, चॉकलेट, दालचिनी आणि आपल्या गुळासारखी उसाची ढेप. साखरेच्या कवट्या करतात आणि त्यांच्या कपाळावर नाव लिहितात. (जाता जाता, चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो का यावर १७व्या शतकात चर्चमध्ये चांगलाच वाद झाला होता. कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी 'पेय आहे, मोडत नाही' असा निर्वाळा दिला. साबुदाणा खाणाऱ्यांना हे लगेच कळेल.)

चांपुरादोचं वाचलं आणि मी मार्शमेलोचा नाद सोडला. तसेही ते आमच्या दुकानात मिळाले नाहीत, आणि त्यात जिलेटिन असतं, म्हणजे माझ्या शाकाहारी मैत्रिणींना चालले नसतेच. मका नाही, पण आमच्याकडे ज्वारी आहे. अर्धा लिटर दूध, त्यातल्याच थोड्या थंड दुधात कालवलेलं एक मोठा चमचा ज्वारीचं पीठ, दोन मोठे चमचे कोको, दालचिनीचा तुकडा. पीठ शिजेपर्यंत सतत ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. गूळ मात्र गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घालायचा. उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं. पहिल्यांदा माझं फाटलं. भुतासाठी थंड साय घोटून चमच्याने वर सोडली आणि टूथपिकने वितळलेल्या चॉकलेटचे दोन डोळे काढले.

आता गुसाडी. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवाळीच्या आसपास आमच्याकडच्या गोंड गावांत दंडारी असते. डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी असे गुसाडी नाचत एका गावातून दुसऱ्या गावात पाहुणे म्हणून जातात. वेश, मुखवटे, दारोदार फिरणं, म्हणजे वरवर पाहिलं तर हॅलोवीनच. पण गुसाडी व्रतस्थ असतो. त्या दिवसांत तो अंघोळ करत नाही, आणि त्याच्यात देव आला आहे असं मानतात. घाबरवणारा जोकर नाही तो.

मैत्रिणीचा मेसेज आला त्याच आठवड्यात, २५ ऑक्टोबरला, मारलवाईचे कनक राजू वारले होते. गुसाडी नाच पुढच्या पिढ्यांना शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मारलवाई आता आसिफाबाद जिल्ह्यात आहे, २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. मैत्रिणीला यातलं काही माहीत नव्हतं, तिचा हेतू वाईट नव्हता. तिचा मुद्दाही अगदीच पोकळ नाही. गुसाडी सरकारी कार्यक्रमांत स्टेजवर नाचतो, मग कपावर का नको? आणि तू कवटी चालवून घेतेस, ख्रिसमसच्या केकवर साखरेचा बाळ येशू बसवतेस, मग?

मला सुचलेलं उत्तर असं. साखरेची कवटी मेक्सिकोचे लोक स्वतःच्या मृतांची करतात. केकवरचा बाळ येशू आम्ही आमचा करतो. स्टेजवर जायचं की नाही हे गुसाडी स्वतः ठरवतो. आपल्या देवाशी किती लाडीगोडी करायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मी सायीचा गुसाडी केला असता तर तो फोटो पाहून आमच्या शेजारच्या गोंड मुलाला काय वाटलं असतं? कदाचित हसलाही असता. पण त्याला न विचारताच मी तो पिऊन टाकला असता, आणि हॅलोवीनच्या हॅशटॅगखाली तो जगाला भूत म्हणून दिसला असता. हे उत्तर पूर्ण आहे असं नाही. गरब्याला जाते तेव्हा मी कुणाला विचारते? ते मला अजून सुटलेलं नाही, कुणाला सुटलं असेल तर मंडळाच्या बैठकीत बोलूया.

मी साधं भूतच पाठवलं. एक डोळा ओघळला होता, त्यालाच सगळ्यात जास्त लाइक्स पडले.

२ तारखेला संध्याकाळी आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आलो. आल्यावर आजी म्हणाली, परवाचं ते कर. या वेळी भूत नको म्हणाली. एक कप आजोबांच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा तिने हातात घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "ही तं आंबीलच हाय वं पोरी, काळी."