सही करण्यापूर्वी

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला शुल्क नाही. फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवाला आपले पैसे घेतो, पालक ते देतात आणि बाकावर बसल्या बसल्या दहा मिनिटांत मुलाबद्दलच्या तीन-चार गोष्टी कायमच्या ठरून जातात. त्या अर्जासोबत जे प्रमाणपत्र अपलोड होतं, त्यावर सही-शिक्का मात्र आपला, म्हणजे मुख्याध्यापकांचा असतो. तयारीचे सराव प्रश्न याही अंकात आहेत. इथे बोलायचं आहे ते त्याआधीच्या या कागदाबद्दल.

त्यातला सगळ्यांत महागात पडणारा रकाना ‘ग्रामीण की शहरी’ हा आहे. एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. त्यांपैकी किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ऐंशीतल्या साठ. उरलेल्या वीस जागांवर शहरी मुलांना गुणवत्तेत पुढे आलेल्या ग्रामीण मुलांशीही झुंजावं लागतं. ग्रामीण कोण, हे घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण गेलेली असावी लागतात. मधला एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला असला, तरी मूल शहरी.

आणि शहरी भाग कोणता? नोंदणीच्या शेवटच्या तारखेला शासनानं शहरी म्हणून अधिसूचित केलेला. इथेच आपली गाडी अडते. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. त्यांत वाघोली आहे, मांजरी बुद्रुक आहे. राज्यभर कितीतरी तालुक्यांच्या ठिकाणी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. गावात ऊस तोच, पार तोच, शाळेच्या भिंतीवरची रंगवलेली अक्षरंही जुनीच. त्यामुळे आपण सवयीनं ‘ग्रामीण’ लिहितो. मूल परीक्षा देतं, निवड यादीत नाव येतं, गावात पेढे वाटले जातात, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत दाखला टिकत नाही. त्यात मुलाचा काय दोष? पुन्हा बसायची सोयही नाही. ही परीक्षा एकदाच देता येते.

बदलीवर फिरणाऱ्या घरांचं दुखणं वेगळं. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातलं कुटुंब वडिलांच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे जयपूरला सिव्हिल लाइन्समध्ये राहायला गेलं. मुलीची तिसरी-चौथी गावच्या शाळेत झाली, पाचवी जयपुरात सुरू आहे. नवोदयसाठी तिचा जिल्हा जयपूर, कारण जिथे पाचवीत शिकता आणि राहता तोच जिल्हा. आजी-आजोबा साताऱ्यात आहेत, शेत तिथे आहे, याला अर्जात जागा नाही. मुख्यमंत्री निवासाच्या आसपासचा तो भाग शहरी असल्याबद्दल वाद असण्याचं कारण नाही, तेव्हा गावातली दोन वर्षं असूनही ती शहरीच धरली जाणार.

याच मुलीनं सैनिक शाळेचा अर्ज भरला तर हिशेब उलटा होतो. तिथे जागांची वाटणी 67 टक्के स्वतःच्या राज्यातल्या मुलांना आणि 33 टक्के बाहेरच्यांना अशी असते. सातारा किंवा चंद्रपूर निवडलं आणि महाराष्ट्राचा अधिवास सिद्ध झाला, तर ती घरच्यांच्या यादीत. चित्तोडगड किंवा झुंझुनू निवडलं, तर मुक्काम जयपूरला असूनही बाहेरच्यांच्या. म्हणजे एका अर्जात राहतं घर महत्त्वाचं, दुसऱ्यात अधिवास. पालकांना हा फरक कुणी सांगत नाही आणि ते दोन्हीकडे सारखाच पत्ता, सारखंच राज्य लिहून मोकळे होतात. गावाकडच्या ज्या शिक्षकांकडे अशा कुटुंबाचा दाखल्यासाठी फोन येतो, त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला देतानाच तहसीलमधून वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवायला सांगावं. जयपुरात बसून ते काढणं जिवावर येतं.

प्रवर्गाचा घोळ तर खास आपल्या राज्यातला. दोन्ही अर्जांत इतर मागासवर्ग धरला जातो तो केंद्राच्या यादीप्रमाणे. आपल्याकडचे विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे रकाने तिथे नाहीत. यांतल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात, पण जातीचा राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. मेंढपाळाच्या किंवा वडाराच्या मुलाचा बाप ‘आमचा रकानाच नाही’ म्हणून ‘सर्वसाधारण’वर बोट ठेवतो. त्याला तिथे थांबवू शकेल असा माणूस बहुतेक गावांत एकच असतो, वर्गशिक्षक.

माध्यमाबद्दल थोडक्यात. सैनिक शाळेची सहावीची परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते, नववीची फक्त इंग्रजीत. मूल ज्या भाषेत गणिताचं उदाहरण वाचतं ती भाषा निवडावी, पालकांना जी भारदस्त वाटते ती नव्हे. आणि नवोदयचा अर्ज भरण्याआधी आईवडिलांना हेही सांगावं की नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या विद्यालयात पाठवलं जातं. ही गोष्ट तीन वर्षांनी कळून रडारड झालेली घरं आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असतील.

नवोदयच्या अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी एक-दोन दिवस खिडकी उघडते. त्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि माध्यम एवढंच बदलता येतं. जन्मतारीख त्यात नाही. जनरल रजिस्टर, जन्माचा दाखला आणि आधार यांवर तीन तारखा असलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात. ती चौथीतच शोधायला हवीत. 2025 साली जुलैअखेरची मुदत ऑगस्टपर्यंत लांबली, म्हणून यंदाही लांबेल या भरवशावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा जुगार खेळणं.

कामाच्या ओझ्याचं उत्तर तयार आहे, ते आम्हालाही माहीत आहे. यूडायस आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, निवडणुकीचं काम आहे. पण या ओझ्यात हे प्रमाणपत्र मोडत नाही. बाकीच्या माहितीचा उपयोग वरच्या कार्यालयांना होतो, हा कागद थेट एका मुलाच्या कामी येतो. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 मध्ये सुरू झाली, त्यांतलं एक आपल्या अमरावतीचं. खेड्यातल्या हुशार मुलासाठी काढलेली ही शाळा. तिच्या दारात त्या मुलाला आपल्याच चुकीच्या खुणेनं अडवायचं, याला काय म्हणावं!

एक मागणी मात्र वर करायला हवी. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेपुढे ‘ग्रामीण’ किंवा ‘शहरी’ असं अधिसूचनेच्या क्रमांकासह लिहिलेली यादी दर जूनमध्ये काढावी. काम एका दिवसाचं आहे. केंद्रप्रमुखांनी ती जुलैच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवावी, आणि ती हाती येईपर्यंत मुख्याध्यापकांनी तो रकाना कोरा ठेवावा.