भोवरा फिरू द्या, पण गल्ला कोणाचा ते बघा

ज्यूंच्या हनुका सणात मुलं एक चौकोनी भोवरा फिरवतात. त्याचं नाव ड्रेडल. कथा अशी सांगतात की दोन हजार वर्षांपूर्वी अँटिओकस राजाने धर्मग्रंथ शिकायला बंदी केली. मुलं चोरून शिकायची आणि शिपाई आले की भोवरे खेळण्याचं सोंग करायची.

गोष्ट छान आहे. पण हा खेळ मुळात युरोपातला जुगार! इंग्लंडमध्ये त्याला टीटोटम म्हणत. टी म्हणजे टोटम, लॅटिनमध्ये 'सगळं'. ती बाजू वर आली की सगळा डाव तुमचा. जर्मन भोवऱ्यावर एन, जी, एच, एस ही अक्षरं: काही नाही, सगळं घे, अर्धं घे, भर घाल. ज्यूंनी तीच हिब्रूत नून, गिमेल, हे, शिन अशी लिहिली आणि नंतर त्यांना अर्थ दिला, 'तिथे मोठा चमत्कार घडला'. इस्रायलमध्ये शिनऐवजी पे असतं, कारण तिथे म्हणायचं 'इथे घडला'.

मग सणाच्या नावाखाली लहान पोरांना जुगार शिकवतात का? मला नाही तसं वाटत. पैसा जातो कुठे ते बघा. मधल्या ढिगात सगळ्यांनी दाणे किंवा नाणी टाकायची आणि त्यातूनच उचलायची. फाइनरमन नावाच्या गणितज्ञाने १९७६ मध्ये दाखवलं की यात पहिल्या खेळाडूला थोडा फायदा असतो. असू दे. जिंकला तरी घरातलाच कोणीतरी जिंकला. बाहेर बसून कट घेणारा कोणी नाही.

मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात तो होता. जिंकणारा दर डावाला बदलायचा, कापणारा कायम तोच. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणली ते योग्यच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला १८८७ चा जुगारबंदी कायदासुद्धा अड्डा ओळखताना हेच विचारतो: जागा कोणाच्या नफ्यासाठी चालते?

पण ॲप बंद झालं म्हणून निवांत बसू नका. गावोगावची बिंगो-चक्री आहेच. छापा पडतो, खेळणारी चार पोरं पेपरात येतात, आणि आठ दिवसांत शटर पुन्हा वर. चक्रीच्या मालकाचं नाव कधी वाचलंय का तुम्ही?

पोरांना शिव्या घालण्याआधी हा प्रश्न विचारा.