बोटांचे ठसे

२०२४ च्या नाताळच्या दिवशी ब्रिटनमधील लक्षावधी कुटुंबे दूरचित्रवाणीसमोर बसली, ती एका विक्षिप्त संशोधकाची व त्याच्या अबोल कुत्र्याची कथा पाहावयास. निक पार्क आणि मर्लिन क्रॉसिंगहॅम यांनी दिग्दर्शित केलेल्या या वॉलेस-ग्रोमिटच्या चित्रपटास फेब्रुवारी २०२५ मध्ये बाफ्टाची दोन पारितोषिके लाभली. ऑस्करचा मान मात्र लॅटव्हियातील ‘फ्लो’ने पटकावला. चित्रपट काढणारी संस्था म्हणजे ब्रिस्टल शहरातील आर्डमन.

पीटर लॉर्ड व डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन मित्रांनी १९७२ मध्ये तिचा पाया घातला. त्यांची आरंभीची एक छोटी चित्रफीत बीबीसीने विकत घेतली, ती कर्णबधिर मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका कार्यक्रमाकरिता. पुढे या मंडळींनी शब्दावाचून बोलण्याची जी कला कमाविली, तिचे मूळ कदाचित तेथेच असेल. ग्रोमिटला तोंडच नाही. त्याचा राग, लोभ, काळजी सारे भुवईच्या हालचालीतून कळते. ‘शॉन द शीप’ या मालिकेतील मेंढ्या तर एकही शब्द उच्चारीत नाहीत. आम्हां भाषांतरकारांच्या पोटावर पाय आणणारा हा प्रकार खरा. पण तक्रार करवत नाही.

काम कसे चालते, ते ऐकण्याजोगे आहे. प्लॅस्टिसिन या मऊ मातीची बाहुली केसभर हलवावयाची, चित्र टिपावयाचे, पुन्हा हलवावयाची. पडद्यावरून सेकंदाला २४ चित्रे सरकतात. त्यामुळे एका कलावंताच्या दिवसभराच्या श्रमातून दोनचार सेकंदांचेच दृश्य हाती येते. निक पार्क यांचा पहिला वॉलेस-ग्रोमिट चित्रपट विद्यार्थिदशेत सुरू झाला आणि १९८९ मध्ये पुरा झाला! त्याच वर्षीच्या ‘क्रीचर कम्फर्ट्स’मध्ये त्यांनी सामान्य माणसांची ध्वनिमुद्रित बोलणी प्राणिसंग्रहालयातील जनावरांच्या मुखी घातली. नभोवाणीवरील मुलाखत आणि मातीकाम यांचा तो संगम १९९१ मध्ये ऑस्कर घेऊन आला.

यशाबरोबर घावही आले. ऑक्टोबर २००५ मध्ये गोदामास आग लागून जुने नेपथ्य व बाहुल्या भस्मसात झाल्या. दोनच दिवसांपूर्वी काश्मीरमध्ये भीषण भूकंप झाला होता; त्यापुढे आपली हानी काहीच नाही, अशा आशयाचे उद्गार पार्क यांनी काढले. हॉलिवुडच्या ड्रीमवर्क्सशी असलेला करार २००७ मध्ये संपुष्टात आला. संस्था परक्या धनिकाच्या हाती जाऊ नये, म्हणून २०१८ मध्ये संस्थापकांनी तिचा ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे सोपविला. कित्येक पारितोषिकांहून ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

नव्या चित्रपटात वॉलेस बागकाम करणारे एक यंत्रमानवी बुटके बनवितो. ते झपाट्याने काम उरकते आणि ग्रोमिटने जिवापाड जपलेल्या बागेची पार कळा पालटून टाकते. यंत्राची ही थट्टा ज्या बाहुल्या करतात, त्यांच्या अंगावर मात्र घडविणाऱ्यांच्या बोटांचे ठसे अधूनमधून स्पष्ट दिसतात.

आमच्या शेजारच्या तीन बिऱ्हाडांतील मुले तीन भाषा बोलतात. त्यांना एकदा ‘शॉन’ पाहताना न्याहाळले. तिघेही नेमके एकाच क्षणी हसत होते.