फोटोवरची आडवी सही

बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाकडून आम्ही दोन फोटो घेतो. एक फॉर्मवर चिकटवायचा आणि त्यावर त्यानं आडवी सही करायची. निम्मी फोटोवर, निम्मी कागदावर. गेली बावीस वर्षं मी काउंटरमागे बसून लोकांकडून ही सही करून घेतो आहे. मागे एक आजोबा पेन हातात धरून थबकले. म्हणाले, "अहो, स्वतःच्याच तोंडाला शाई फासायची म्हणता?" मी म्हटलं, "आजोबा, हे तोंड तुमचंच आहे आणि तुम्ही ते राजीखुशीनं इथं चिकटवलंय, एवढंच लिहून द्यायचंय." रांग मोठी होती, म्हणून जे सुचलं ते बोलून गेलो. त्या वाक्यात अख्खं तत्त्वज्ञान दडलेलं आहे, हे मला पुढे पॅरिसमध्ये कळलं. क्लार्क माणसाला तत्त्वज्ञान कळायला विमानाचं भाडं पडतं!

आमचा भाचा तिकडे शिकायला आहे. त्याची भाड्याची खोली आहे, म्हणजे आपलं हॉटेल वाचतं, या शुद्ध व्यापारी हिशेबानं मी आणि सौ. दहा दिवसांसाठी तिथं जाऊन थडकलो. भाचा अभ्यास काय करतो ते आम्हाला दिसलं नाही. दिसला तो त्याचा नाद. या नादाला 'स्ट्रीट फोटोग्राफी' म्हणतात. म्हणजे काय, तर अनोळखी माणसांचे, त्यांना कळू न देता, भर रस्त्यात फोटो काढायचे. आमच्या लहानपणी दुसऱ्याच्या ताटाकडे नुसतं टक लावून पाहिलं तरी पाठीत धपाटा बसे. आता त्याला कला म्हणतात आणि तिचे वर्ग भरतात.

या कलेचं सोवळं मोठं कडक. कॅमेरा छोटा आणि काळा हवा. त्यावरचं कंपनीचं नाव चमकू नये म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवायची. फ्लॅश वर्ज्य. शटरचा आवाज बंद. कॅमेरा डोळ्याला न लावता कमरेवरूनच खटका दाबता आला तर साक्षात मोक्ष. आणि फोटो काढून झाला की त्या माणसाच्या पलीकडे अशी नजर लावायची, की त्याला वाटावं, हा मागच्या चर्चचा घुमट टिपतोय.

"मामा, त्याला कळलं की संपलं," भाचा मला समजावत होता. "मग तो पोज देतो. खरं काही उरतच नाही."

मी म्हटलं, "बाळ, हेच नियम आमच्या वेळच्या गिरगावातले पाकीटमारही पाळत असत."

सौ.नं मला कोपरानं ढोसलं. ज्याच्या खोलीत राहायचं त्याच्याशी वाद घालू नये, हे तिला माझ्याआधी कळतं.

पण एका रात्री त्यानं आपण होऊन आपला संग्रह लॅपटॉपवर दाखवला. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. समोर काहीही मांडलं की माझी बेरीज सुरू होते. एकूण फोटो 140. पैकी म्हातारी माणसं 61. फुटपाथवर झोपलेले, भीक मागणारे आणि पथारीवाले 38. जगाचं भान विसरलेली जोडपी 27. कुत्री 13. आणि सुटाबुटातला गृहस्थ 1, तोही टोपी उडाली म्हणून.

"काय रे, पॅरिसमध्ये वकील नाहीत? बँकांचे मॅनेजर नाहीत?"

"आहेत ना," भाचा म्हणाला, "पण ते ओरडतात."

माझं ऑडिट तिथंच पूर्ण झालं.

या पंथाचे आद्य गुरू म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. माणूस थोर, यात वाद नाही. 1932 साली सँ-लाझार स्टेशनाच्या मागे, कुंपणाच्या फटीतून त्यांनी टिपलेला तो डबक्यावरून उडी मारणारा गृहस्थ अजून हवेतच आहे. टाच पाण्याला टेकायची तेवढी बाकी. 1948 साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले ते याच माणसानं. माझं त्यांच्याशी भांडण आहे ते दोनच बाबतींत. पहिली बाब म्हणजे त्यांचं 1952 सालचं पुस्तक. त्याचं इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचं, आणि भाचा ते रामनामासारखं जपतो. पण मूळ फ्रेंच नाव आहे 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' म्हणजे घाईघाईनं, चोरून. रस्त्यावर परवान्याशिवाय माल विकायचा आणि पोलीस दिसला की गुंडाळून पळायचं, या धंद्याला फ्रेंच माणूस हेच शब्द वापरतो. गुरूंनी कबुलीजबाब पुस्तकाच्या नावातच देऊन टाकला होता. शिष्यांनी नेमकं भाषांतर वाचलं!

दुसरी बाब अशी, की जन्मभर लोकांचे चेहरे टिपणाऱ्या या गृहस्थांना स्वतःचा चेहरा कुणी टिपलेला खपत नसे. 1975 साली ऑक्सफर्ड विद्यापीठानं त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा फोटो निघू नये म्हणून त्यांनी तोंडासमोर कागद धरला होता. मला त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. फोटो काढला जाताना माणसाचं नक्की काय जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमच्या हेडकॅशियरनंही स्वतःचे पैसे कधी दुसऱ्याला मोजू दिले नाहीत.

तर त्या 'आ ला सोव्हेत' मंडळींची गाठ दुसऱ्याच दिवशी पडली. आयफेल टॉवरच्या समोर, नदीच्या पलीकडे, त्रोकादेरो नावाची उंचवट्यावरची जागा आहे. तिथं जमिनीवर चादर पसरून पोरं पितळी रंगाचे छोटे टॉवर विकतात. चादरीच्या चारी टोकांना दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांची मूठ हातात. पोलीस दिसला की एक हिसडा. क्षणात चादरीचं गाठोडं होतं आणि दुकान पळत सुटतं. दादरला म्युनिसिपालिटीची गाडी आल्यावर जे दृश्य दिसतं तेच, फक्त मागे आयफेल टॉवर.

तसा हिसडा बसला आणि भाच्याचा खटका दाबला गेला. गाठोडं पाठीवर, एक पाय हवेत, चेहऱ्यावर भीती. निर्णायक क्षण! पण पोलीस दुसरीकडेच वळले, पोरगा थांबला आणि त्यानं कॅमेरा पाहिला. त्यानं पटकन चादरीचा पदर तोंडावर ओढला. मग जवळ आला. आमचे चेहरे बघून हिंदीतच बोलला, "भाईसाब, फोटो मत खींचो. घर पे मालूम नहीं है. घर पे बोला है, दुकान में मैनेजर हूँ."

भाचा गोरामोरा झाला. मी मात्र त्या पोराकडे बघतच राहिलो, कारण तोंडावर असा ओढलेला पदर मी पूर्वी पाहिला होता.

आमची चाळ खोताच्या वाडीला लागून. वाडीतली जुनी घरं बघायला गोरे पाहुणे येत आणि कधी कधी वाट चुकून आमच्या चाळीत शिरत. एका मे महिन्यात असाच एक साहेब जिना चढून आला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. नळाला पाणी येण्याची वेळ. आईनं साडीचा ओचा वर खोचलेला, केस विस्कटलेले, दोन्ही हातांत बादल्या. खट्! आईनं बादल्या खाली ठेवल्या आणि पदर तोंडावर ओढला. साहेब छान हसला, 'थँक्यू' म्हणाला आणि गेला. त्या रात्री ताटं वाढताना ती एकदाच बोलली: "विचारलं असतं तर नाही म्हटलं नसतं मी. केस तरी विंचरले असते." त्याला पस्तीस वर्षं झाली. कुठल्याशा देशात कुणाच्या तरी भिंतीवर माझी आई केस न विंचरता उभी असेल. खाली काय लिहिलंय देव जाणे. नाव नक्कीच नसेल, कारण तेही कुणी विचारलं नव्हतं.

आता कलावंत मंडळी माझ्या अंगावर येतील. म्हणतील, विचारलं की सहजता मरते. त्यांनी पॅरिसच्याच ओतेल द विलसमोरचं ते जगप्रसिद्ध चुंबन आठवावं. रोबेर द्वानोनं 1950 साली अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकासाठी टिपलेलं. जगभरच्या वसतिगृहांच्या भिंतींवर ते लागलं ते अवचित पकडलेला क्षण म्हणून. पुढे 1990च्या दशकात प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा उघड झालं, की ती दोघं नाटक शिकणारी मुलं होती आणि द्वानोनं त्यांना चक्क विचारून उभं केलं होतं! त्यानं त्या मुलीला दिलेली फोटोची प्रत तिनं 2005 साली लिलावात विकली आणि तिला दीड लाखाहून अधिक युरो मिळाले. विचारल्यानं ना प्रेम कमी झालं, ना किंमत.

दुसरे म्हणतील, असे फोटो निघाले नसते तर इतिहास कुठून मिळाला असता? मान्य. 1838 साली लुई दागेरनं उंचावरच्या खिडकीतून पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला, तो कुणालाही न विचारता. त्या काळी एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. त्यामुळे रस्त्यावरची सगळी हलती वर्दळ पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक गृहस्थ तेवढा राहिला. फोटोत सापडलेला तो पहिला माणूस समजतात. त्यातही बूट घालणारा बऱ्यापैकी स्पष्ट आणि पुसणारा अंधुक! ही तक्रार तेव्हापासूनची आहे. पण त्या गृहस्थाला त्याची आईसुद्धा ओळखू शकली नसती, म्हणून दागेरला मी सोडून देतो. गर्दीचा फोटो खुशाल काढा. ज्याच्या हातात दंडुका आहे त्याचा तर विचारूच नका, बेधडक काढा. ते शौर्य आहे. ज्याच्या हातात चादरीची दोरी आहे त्याचा चोरून काढायचा आणि वर कॅमेरा लपवायचा, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

तिसरे कायदा काढतील. फ्रान्समध्ये 1970 सालापासून नागरी कायद्याच्या नवव्या कलमात प्रत्येकाच्या खाजगी आयुष्याला संरक्षण आहे. कलेच्या बाजूनंही तिथली कोर्टं विचार करतात. पण त्या कोर्टात जायला आधी कागदपत्रं लागतात, आणि कागदपत्रं असती तर तो पोरगा चादर कशाला घेऊन पळाला असता? गंमत बघा, आयफेल टॉवरच्या रात्रीच्या रोषणाईवर हक्क राखलेले आहेत. तिचा फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी लागते. म्हणजे दिव्यांना विचारायचं, पण दिव्याखालच्या माणसाला नाही!

माझी मागणी फार मोठी नाही. कॅमेरा लपवू नका. डोळ्याला लावा, म्हणजे समोरच्याला तुमचाही चेहरा दिसेल. त्यानं मान हलवली तर काढा, हात आडवा केला तर पुढे चला. आधी काढलाच असेल तर मग दाखवा आणि नको म्हणाला तर पुसा. भाषा येत नाही ही सबब सांगू नका. मान हलवायला व्याकरण लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फोटोवर आडवी सही घ्या.

भाच्यानं त्रोकादेरोवर तो फोटो पुसला, त्या पोरासमोर, कॅमेरा त्याच्या हातात देऊन. दोन दिवस धुसफुसत होता, पण पुसला. मग गंमत झाली. तो पोरगा जायला वळला आणि परत आला. म्हणाला, "भाईसाब, एक खींच दो ना. अच्छावाला." चादरीचं गाठोडं त्यानं आमच्या सौ.च्या पायाशी नजरेआड ठेवलं, बोटांनी केस नीट केले, शर्टाचं बटण लावलं, आणि मागे टॉवर येईल असा ताठ उभा राहिला, शाळेच्या ग्रुप फोटोत राहतात तसा. भाच्यानं फोटो त्याच्या फोनवर पाठवला. मी विचारलं, "हमारे पास भी रहने दें?" तो हसला. म्हणाला, "रखो ना, इसमें क्या है."

भाच्याच्या मते हा त्याचा सर्वांत टुकार फोटो. सरळसोट, काही घडत नाही, सगळं मध्यभागी. संग्रहात घ्यायला त्यानं साफ नकार दिला.

परत आल्यावर मी आईला पॅरिस दाखवलं, माझ्या फोनवर. चष्मा पुसून पुसून ती बघत होती. राजवाडे, पूल, नदी, सगळ्यावरून तिचं बोट सरसर पुढे गेलं. या फोटोपाशी थांबलं.

"हा कोण रे? आपल्यापैकी दिसतोय."

"आहे एक. तिथं दुकानात मॅनेजर आहे."

"असेल," आई म्हणाली. "केस कसे नीट विंचरलेत बघ."